लोहखनिजाचा फेस आणि गडचिरोलीचा गाळ

नागापूर (अहिल्यानगर) : येथील औद्योगिक वसाहतीतील लहानमोठ्या कारखान्यांना पोलादाचा दर जितका कळतो, तितका त्या पोलादामागचा दगड कळत नाही. कळण्याचे कारणही नाही. पत्रा, सळई, ओतकामाचे नग यांची मागणी नोंदवायची, दर वाढला की कुरकुर करायची आणि उतरला की थोडा जास्त साठा करायचा, हा येथील नित्यक्रम. तथापि राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, गेल्या काही वर्षांत जे घडते आहे त्याचा संबंध या दराशी आहे, आणि त्याहून अधिक तेथील जंगलाशी, पाण्याशी आणि माणसांशी आहे.

सूरजागडच्या डोंगरावरील ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला २००७ मध्ये मिळाला. पुढील कितीतरी वर्षे तेथे प्रत्यक्ष उत्खनन जेमतेमच झाले. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहून नेणारी सुमारे ऐंशी वाहने जाळली, तेव्हा हा प्रकल्प गुंडाळला जाणार असेच अनेकांनी गृहीत धरले होते. तसे झाले नाही. २०२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, २०२३ मध्ये वार्षिक एक कोटी टन उत्खननाला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि २०२५ मध्ये ही मर्यादा आणखी वाढविण्यात आली. जुलै २०२५ मध्ये हेडरी येथील खनिज दळण्याचा कारखाना, तेथून कोनसरीपर्यंतची ८५ किलोमीटरची स्लरी वाहिनी आणि कोनसरीचा पेलेट प्रकल्प यांचे उद्घाटन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी खनिज शुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठी भामरागड वनविभागातील नऊशे हेक्टरांहून अधिक वनजमीन वळविण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी दिली. त्यात एक लाखाहून अधिक झाडे जाणार, ही बातमी राज्यभर गाजली.

या चर्चेचे दोन ठरलेले तट पडले आहेत. एका बाजूला रोजगार, पोलाद, नक्षलवादाचा बीमोड. दुसऱ्या बाजूला झाडे, वन्यजीव, माडिया गोंडांचे हक्क आणि ठाकूरदेवाचे स्थान. दोन्ही बाजूंचे म्हणणे महत्त्वाचेच आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नाही. उत्खनन केलेल्या दगडातले किती लोखंड खरोखर हाती लागणार आणि किती गाळाबरोबर वाहून जाऊन धरणाआड कायमचे पडून राहणार? हा प्रश्न तांत्रिक वाटतो. पण जंगल किती तोडावे लागेल आणि गाळाचा तलाव केवढा बांधावा लागेल, याचे उत्तर त्यातूनच निघते. त्याचा निकाल बऱ्याच अंशी एका साध्या ढवळणाऱ्या टाकीत, काही मिनिटांच्या अवधीत लागतो. त्या टप्प्याला कारखान्याच्या भाषेत कंडिशनिंग म्हणतात.

चांगले खनिज संपल्यावर

सूरजागडला आज जे खणले जाते ते मुख्यत्वे उच्च प्रतीचे हेमॅटाइट. फोडा, चाळा आणि भट्टीकडे पाठवा, एवढ्यावर भागते. परंतु त्याच डोंगररांगेत याहून कितीतरी अधिक प्रमाणात पट्टेदार खडक आहे. लोहखनिजाचा एक गडद थर, गारगोटीचा एक फिका थर, पुन्हा लोहखनिजाचा, अशी त्याची रचना असते. भूशास्त्रात त्याला बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट, अर्थात बीएचक्यू म्हणतात. त्यात लोहाचे प्रमाण साधारणपणे ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असते. एकेकाळी हा खडक खाणीतला कचरा मानला जाई. नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोने ठरवून दिलेल्या किमान मर्यादेनुसार मात्र सामान्य हेमॅटाइटमध्ये ४५ टक्के आणि गारगोटीयुक्त हेमॅटाइटमध्ये ३५ टक्के लोह असले तरी ते खनिजच समजावे लागते. ते कचरा म्हणून टाकून देता येत नाही.

सरकारी धोरणही याच दिशेचे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत देशाची पोलाद उत्पादनक्षमता ३० कोटी टनांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. तेवढ्या पोलादाला पुरेल इतके उत्तम खनिज दीर्घकाळ मिळणार नाही, हे पोलाद मंत्रालयालाही ठाऊक आहे. दुसरीकडे निर्यातीचे चित्र पाहावे. मे २०२२ मध्ये केंद्राने लोहखनिजाच्या निर्यातीवर ५० टक्के शुल्क लावले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरील ते काढून टाकले. म्हणजे आपल्याकडे शुद्ध करणे परवडत नाही ते खनिज परदेशी जाते आणि तेथे ते शुद्ध होते अथवा चांगल्या खनिजात मिसळले जाते. गोव्याने हेच कित्येक दशके केले. हलक्या प्रतीचे खनिज जहाजे भरभरून जपानला आणि पुढे चीनला गेले, आणि त्या मोबदल्यात डिचोली, सांगे या पट्ट्यात धुलाईचा लाल गाळ भातशेतीत उतरला. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील खाणी थांबविल्या, तेव्हा बेकायदा उत्खननाबरोबर या गाळाचीही चर्चा झाली होती.

महाराष्ट्राच्या वाट्याला हा प्रश्न नव्याने आला असे मानणेही बरोबर नाही. जमशेटजी टाटांनी पोलाद कारखान्याचा ध्यास घेतला तो १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचून, आणि त्या अहवालाचा विषय होता तत्कालीन चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिज! नागपूरला एम्प्रेस मिल चालविणाऱ्या टाटांना हे ठिकाण सर्वार्थाने सोयीचे होते. वरोऱ्याच्या कोळशाचा भट्टीलायक कोक होत नाही असे दिसून आले आणि शेवटी कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. खनिज उत्तम असूनही एका तांत्रिक अडचणीने विदर्भाचे पोलाद सव्वाशे वर्षे लांबले. आज अडचण कोळशाची नाही, दगडाच्या प्रतीची आहे.

दहावीच्या पुस्तकाबाहेरचे फेनतरण

फेनतरण पद्धत हा शब्द दहावीच्या विज्ञानात सर्वांनीच कधीतरी पाठ केलेला असतो. बारीक दळलेले धातुक पाण्यात घालायचे, त्यात पाइन तेल टाकायचे, हवा फुंकायची. धातुकाचे कण फेसाबरोबर वर येतात आणि मृदा अशुद्धी तळाशी बसते. पुस्तकातील उदाहरणे सहसा जस्त आणि तांब्याच्या सल्फाइडांची असतात, व ते योग्यही आहे. ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी १८७७ मध्ये ग्राफाइटसाठी या पद्धतीचे पेटंट घेतले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे जस्ताच्या टाकाऊ ढिगाऱ्यांतून धातू काढण्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली. सल्फाइडांचा पृष्ठभाग तेलाला सहज धरतो. पाणी त्यांना फारसे आवडत नाही.

लोहाच्या ऑक्साइडची गोष्ट निराळी. हेमॅटाइटही जलस्नेही आणि गारगोटीही जलस्नेही. दोघांनाही पाणी प्रिय असल्याने बुडबुड्याला चिकटायला दोघेही नाखूश. मग त्यांना वेगळे करायचे कसे? उत्तर असे की दोहोंपैकी एकाच्या अंगावर असा लेप चढवायचा की त्याला पाणी नकोसे व्हावे, आणि दुसऱ्याला असे काही लावायचे की त्याने पाणी सोडूच नये. हे लेप चढविण्याचे काम हवा फुंकण्याआधी, ढवळणाऱ्या टाकीत पार पडते. तेच कंडिशनिंग. फेस हा नंतरचा, डोळ्यांना दिसणारा भाग. टाकीतले काम बिघडले असेल तर फेस कितीही सुंदर आला तरी उपयोग नाही.

जगात आज लोहखनिजासाठी सर्वाधिक वापरली जाणारी रीत उलटी आहे. तीत लोखंडाला तळाशी ठेवून गारगोटीला फेसाबरोबर वर काढतात. लगद्यात प्रथम कॉस्टिक सोडा घालून त्याचा सामू १० ते १०.५ च्या आसपास नेतात. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात हेमॅटाइट आणि गारगोटी दोघांच्याही पृष्ठभागावर ऋण विद्युतभार येतो. गारगोटीवरचा भार सामू २ च्या आसपास शून्य होतो, हेमॅटाइटवरचा साधारण ६.५ ते ८.५ च्या दरम्यान. त्यामुळे सामू १० ला गारगोटीवरील ऋणभार अधिक प्रबळ असतो. मग टाकीत स्टार्च सोडतात. कपड्यांना देतात तीच खळ. मक्याची, सोड्यात शिजवून पातळ केलेली. ती हेमॅटाइटच्या कणांना जाऊन बिलगते आणि त्यांना अधिकच जलस्नेही करते. त्यानंतर अमाइन वर्गातील रसायन घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक धनभारित, ते गारगोटीला चिकटते. दुसरे टोक तेलकट, ते बुडबुड्याकडे ओढ घेते. गारगोटी तरंगते, लोखंड खाली राहते. टनभर खनिजाला खळ लागते काहीशे ग्रॅम आणि अमाइन शंभर ग्रॅमच्या आसपास. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढण्याचा उद्योग पूर्वापार आहे. कापडाला, कागदाला आणि औषधाच्या गोळीला लागणारा हा पदार्थ पोलादाच्याही वाटेवर भेटतो, हे मका पिकविणाऱ्या शेतकऱ्याला सांगितले तर कदाचित नवल वाटेल.

क्रम, वेळ, वेग

या प्रक्रियेत क्रमाला फार महत्त्व आहे. खळ आधी आणि अमाइन नंतर. उलट केले तर अमाइन हेमॅटाइटवरही जाऊन बसते, कारण त्याच्यावरही ऋणभार असतोच. आणि एकदा ते बसले की खळीला तेथे जागा मिळत नाही. मग लोखंडही फेसाबरोबर वर येते आणि गारगोटीच्या गाळात जमा होते. प्रयोगशाळेत खळीला सहसा तीन ते पाच मिनिटे देतात आणि अमाइनला मिनिटभर. खळीला वेळ कमी पडला तर लेप अपुरा राहतो. म्हणून वेळ मनमुराद द्यावा, असेही नाही. जोरात आणि दीर्घकाळ ढवळत राहिल्यास खळीच्या लांब साखळ्या तुटतात, मऊ खनिजाचे कण एकमेकांवर घासून आणखी बारीक भुगा तयार होतो आणि एव्हाना जमलेले कणांचे झुबके फुटतात.

दुसऱ्या, म्हणजे सरळ पद्धतीत लोहखनिजालाच तरंगवितात. त्यासाठी ओलिक आम्लासारखी मेदाम्ले किंवा त्यांचे साबण वापरतात. येथे कंडिशनिंगचा थाट वेगळा. लगदा घट्ट ठेवायचा, घन पदार्थ ६० ते ७० टक्के, आणि ढवळणे जोरकस. मेदाम्ल पाण्यात सहज विरघळत नाही. ते कणाकणापर्यंत पोहोचविण्यासाठी आणि कणांवरचा चिकटलेला गाळ खरवडून काढण्यासाठी ही ताकद लागते. पातळ लगद्यात हलके ढवळून हेच रसायन दुप्पट घातले तरी तितका परिणाम साधत नाही. तापमानाचाही प्रश्न येतो. थंड पाण्यात मेदाम्ल सुस्तावते, म्हणून चीनमधील काही कारखान्यांत लगदा तापवावा लागतो. चीनने आणखी एक वाट काढली आहे. सामू ११ च्याही वर नेऊन चुन्याने गारगोटी जागृत करायची आणि मग मेदाम्लाने तिलाच तरंगवायचे. ही पद्धत अन्शानच्या परिसरात मोठ्या प्रमाणावर चालते.

चुन्याचा उल्लेख आला म्हणून पाण्याबद्दल बोलणे भाग आहे. नागापूर परिसरातील, खरे तर सगळ्याच दख्खनी पठारावरील कूपनलिकांचे जड पाणी वापरणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा साका मात्र बसतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम मेदाम्लाशी संयोग पावतात आणि साबण वाया जातो. कंडिशनिंगच्या टाकीत अगदी हेच होते, फक्त टनांच्या हिशेबात. शिवाय तोच कॅल्शियम गारगोटीवर जाऊन बसला तर मेदाम्लाला ती लोखंडासारखीच वाटू लागते, आणि जे वर यायला नको तेही वर येते. चुन्याच्या चिनी पद्धतीत जो गुण, तोच सरळ पद्धतीत दोष.

आता यात पर्यावरणाचा पेच असा. कारखान्याने बाहेर पाणी सोडू नये, सर्व पाणी फिरवून वापरावे, अशी अट अलीकडे घातली जाते आणि ती योग्यच आहे. पण पाणी जितके फिरते तितके त्यात क्षार, उरलेले अमाइन, विरघळलेली खळ आणि न बसलेला सूक्ष्म गाळ साठत जातो. स्वच्छ पाण्यावर घेतलेल्या चाचणीत जी मात्रा आणि जी वेळ उत्तम ठरली, ती सहा महिने फिरलेल्या पाण्यावर उत्तम राहतेच असे नाही. पावसाळ्यात तलावात नवे पाणी आले की गणित पुन्हा बदलते. गडचिरोलीसारख्या भरपूर पावसाच्या जिल्ह्यात तर ते वर्षातून दोनदा बदलेल. अमाइन जलचरांना घातक आहे. ते गारगोटीला चिकटून गाळात जाते आणि काळानुसार विघटित होते हे खरे. पण त्याची मात्रा जितकी कमी लागेल तितके बरे, आणि मात्रा कमी लागण्याचा राजमार्ग पुन्हा नीट कंडिशनिंग हाच आहे.

भारतीय खनिजाचा चिकटपणा

परदेशी अनुभव जसाच्या तसा उचलता येत नाही याचे एक मोठे कारण म्हणजे आपल्या खनिजातील चिकणमाती. ब्राझील, अमेरिका येथील खनिजात मुख्य अशुद्धी गारगोटीची. भारतीय लोहखनिजात गारगोटीच्या जोडीला केओलिनाइट, गिब्साइट अशी ॲल्युमिनायुक्त द्रव्ये आणि पाणी धरून ठेवणारे गोएथाइट असते. हे सारे मऊ, दळताच पीठ होणारे. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असे हे कण मोठ्या कणांना पिठासारखे लडबडून बसतात. त्यांच्या अंगावरचे क्षेत्रफळ अफाट असल्याने खळ आणि अमाइन तेच पिऊन टाकतात. ज्यांना रसायन मिळायला हवे ते कण उपाशी राहतात. ॲल्युमिनाने भट्टीतील मळी घट्ट होते आणि कोक अधिक लागतो, म्हणून तो काढणे तर अगत्याचे. पण तो काढण्याच्या मार्गात तो स्वतःच आडवा येतो.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे कंडिशनिंगपूर्वीच हा अतिसूक्ष्म गाळ हायड्रोसायक्लोनने वेगळा करणे. त्याने फेनतरण सुधारते, पण वेगळ्या काढलेल्या गाळात लोखंडही जाते आणि तो गाळ तलावात जातो. अमेरिकेत मिशिगनमधील टिल्डन खाणीने १९७४ पासून आणखी एक युक्ती वापरली. खळीच्याच साहाय्याने सूक्ष्म लोहकणांचे झुबके बांधून ते खाली बसवायचे, चिकणमाती वरच्या पाण्याबरोबर काढून टाकायची आणि मग उरलेल्या गारगोटीला अमाइनने तरंगवायचे. येथेही सारे यश ढवळण्याच्या वेगावर. झुबके बांधले जाण्याइतके ढवळायचे, मोडण्याइतके नाही.

बीएचक्यूच्या बाबतीत एक दिलासा आणि एक संकट आहे. दिलासा असा की त्यात मुख्य अशुद्धी गारगोटीचीच असते, म्हणजे उलट्या फेनतरणाला ती अनुकूल. संकट असे की लोह आणि गारगोटी एकमेकांत इतकी बारीक गुंतलेली असतात की कण सुटे करायला दगड पिठासारखा दळावा लागतो. दळण्यात वीज जाते आणि पीठ जितके बारीक तितके कंडिशनिंग नाजूक. म्हणूनच अशा खडकासाठी जगभर आधी चुंबकीय विलगीकरणाने मोठा वाटा बाजूला काढतात आणि फेनतरणाकडे शेवटची सफाई सोपवितात.

हिशेब तीन लाख टनांचा

हे सारे वाचून एवढ्या बारकाव्यांचा सर्वसामान्यांशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यासाठी एक साधा हिशेब मांडता येतो. समजा, ३५ टक्के लोह असलेला दगड आहे आणि त्यातून ६५ टक्के लोहाचे शुद्ध खनिज काढायचे आहे. काम सुमार झाले आणि गाळात १५ टक्के लोह राहिले, तर १०० टन दगडातून ४० टन माल निघतो आणि ६० टन गाळ. काम नीट झाले आणि गाळात १० टक्केच लोह राहिले, तर माल निघतो साडेपंचेचाळीस टनांच्या आसपास. पहिल्या प्रकारात दगडातले ७४ टक्के लोखंड हाती येते, दुसऱ्यात ८४ टक्के.

आता दहा लाख टन शुद्ध खनिज हवे असेल तर पहिल्या पद्धतीत २५ लाख टन दगड खणावा लागेल, दुसऱ्या पद्धतीत २२ लाख टन. म्हणजे तीन लाख टन दगड कमी खणायचा, तीन लाख टन कमी दळायचा आणि तीन लाख टन गाळ कमी साठवायचा, तोही दर दहा लाख टन मालामागे. सूरजागडच्या आराखड्यातील आकडे कोटी टनांचे आहेत. डोंगराचा किती भाग उतरवावा लागेल आणि गाळासाठी किती जंगल पाण्याखाली जाईल हे ठरविताना या पाच टक्क्यांचे वजन लक्षात घ्यावे.

गाळाच्या तलावाचे भय कल्पनेतले नाही. ब्राझीलच्या समार्को कंपनीने खळ आणि अमाइनची उलटी पद्धत १९७७ पासून यशस्वी करून दाखविली. आजही पाठ्यपुस्तकांत तिचे नाव आदराने घेतले जाते. त्याच कंपनीचे मारियाना येथील फुंदाओ धरण ५ नोव्हेंबर २०१५ रोजी फुटले. १९ जण मृत्युमुखी पडले आणि लोहखनिजाचा गाळ दोसे नदीतून अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचला. त्यानंतर सव्वातीन वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, ब्रुमादिन्यो येथे व्हाले कंपनीचे दुसरे धरण फुटून २७० जणांचा बळी गेला. फेनतरणाचे शास्त्र उत्तम अवगत असणे आणि त्याचा गाळ सांभाळता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे दिसले. त्यानंतर ऑगस्ट २०२० मध्ये गाळसाठ्यांसाठी जागतिक मानक तयार झाले. पाणी निथळवून कोरडा गाळ रचण्याची पद्धत महाग असली तरी दाट पावसाच्या डोंगराळ मुलखात तिचा विचार खर्चाची बाब म्हणून बाजूला सारता येणार नाही. सूरजागडच्या पायथ्याच्या शेतकऱ्यांनी पावसाळ्यात शेतात लाल गाळ उतरत असल्याच्या तक्रारी यापूर्वीच केल्या आहेत, आणि त्या शुद्धीकरण सुरू होण्यापूर्वीच्या, नुसत्या उत्खननाच्या आहेत.

शेजारच्या राज्याचा अनुभवही विसरता येत नाही. कर्नाटकात कुद्रेमुखला हलक्या प्रतीच्या मॅग्नेटाइटचे शुद्धीकरण करून ते ६७ किलोमीटरच्या वाहिनीने मंगळूर बंदरापर्यंत नेले जाई. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने ती देशातली अग्रणी खाण होती. पश्चिम घाटातील जंगल आणि भद्रा नदीतील गाळ या मुद्द्यांवर न्यायालयात दाद मागितली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ३१ डिसेंबर २००५ रोजी तेथील उत्खनन थांबले.

नागपूरजवळच प्रयोगशाळा

या बाबतीत महाराष्ट्राची स्थिती तशी भाग्याची आहे. खाण ब्युरोची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा आणि पथदर्शी प्रकल्प नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत आहे. नागपूरच्याच विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत खाण आणि धातुशास्त्राचे शिक्षण दिले जाते. म्हणजे सूरजागडचा दगड तपासायला भुवनेश्वर किंवा जमशेदपूर गाठलेच पाहिजे असे नाही. परंतु प्रयोगशाळेतील दोन लिटरच्या भांड्यातील निकाल आणि शेकडो घनमीटरच्या टाकीतील निकाल यांत अंतर पडते, ते मुख्यतः कंडिशनिंगमुळेच. लहान भांड्यात प्रत्येक कणाला सारखी वेळ मिळते. अखंड वाहत्या मोठ्या टाकीत काही कण क्षणात बाहेर पडतात, काही अर्धा तास घुटमळतात. सरासरी पाच मिनिटे असली तरी प्रत्येकाला पाच मिनिटे मिळालेली नसतात. एका मोठ्या टाकीऐवजी ओळीने दोन-तीन लहान टाक्या ठेवल्या तर हा दोष बराच कमी होतो. भांडवली खर्च थोडा वाढतो, आणि म्हणून आराखड्यावर पहिली कात्री नेमकी येथेच चालण्याचा धोका असतो.

कोनसरीसारख्या ठिकाणी, जेथे स्पंज आयर्न तयार होते, तेथे ही काटकसर अंगाशी येण्याची शक्यता अधिक. झोतभट्टीत अशुद्धी वितळून मळीच्या रूपाने निघून जाते. स्पंज आयर्नमध्ये लोखंड वितळतच नाही. त्यामुळे पेलेटमध्ये जी गारगोटी आणि चिकणमाती राहिली ती जशीच्या तशी पुढे जाते आणि वितळविणाऱ्या भट्टीत वीज खाते. ती वीज शेवटी नागापूरच्या पत्र्याच्या बिलात येते.

जनसुनावणीत आजवर झाडांची संख्या, नोकऱ्यांची संख्या आणि रस्त्याची रुंदी यांवर वाद झडले. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीवरही झडतात. गाळातील लोहाच्या टक्केवारीवर एकही प्रश्न विचारला जात नाही, कारण हा प्रश्न अभियंत्यांचा, अशी समजूत आहे. वास्तविक पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. त्यात हवेतील धूळ असते, पाण्याचा सामू असतो, लावलेल्या रोपांची संख्या असते. याच तक्त्यात आणखी तीन रकाने जोडण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. शुद्धीकरणासाठी घेतलेल्या दगडातील लोह, गाळातील लोह आणि टनामागे वापरलेले अमाइन. हे आकडे मुद्दाम गोळा करावे लागतील असेही नाही. असा कोणताही कारखाना ते दर पाळीला काढतो, कारण त्याशिवाय टाकीत खळ किती सोडायची हे पाळीवरच्या माणसाला ठरविता येत नाही.